सिनसिनाटीचा करार: आपल्या मंडळाने त्या बैठकीला जावं का?

ओहायोकाठ

मागच्या रविवारी इथे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात, आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीत आवाज चढले. शहरातल्या एका चर्चने तिथल्या वस्ती-संघटनांच्या वतीने आम्हाला पत्र पाठवलंय. पोलिसांच्या कारभारावर दर तीन महिन्यांनी बैठक होते, तिला तुमचाही एक माणूस पाठवा, असं त्यात आहे. निम्मी कमिटी म्हणते, आपण गणपती, दिवाळी आणि मराठी शाळा सांभाळावी. मी म्हणतो, जायलाच हवं. आमच्यापैकी बरेच जण इथे अलीकडे आले आहेत, त्यामुळे या शहरात काय घडून गेलंय ते आधी सांगतो.

७ एप्रिल २००१ च्या पहाटे ओव्हर-द-ऱ्हाइन या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत पोलिसाने १९ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर गोळी झाडली. मुलाच्या हातात काही नव्हतं. त्याच्या नावावर १४ वॉरंट होती, त्यातली १२ रहदारीच्या नियमांची. १९९५ पासून सिनसिनाटी पोलिसांच्या हातून मेलेला तो पंधरावा कृष्णवर्णीय पुरुष होता. शहर काही दिवस पेटलं, संचारबंदी लागली. सप्टेंबरमध्ये तो पोलीस निर्दोष सुटला.

आपल्या लोकांना दंगल ऐकून तरी माहीत असते, पुढचं माहीत नसतं. गोळीबाराच्या आधीच, मार्चमध्ये, सिनसिनाटी ब्लॅक युनायटेड फ्रंट आणि एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने पोलीस वर्णावरून वेगळं वागवतात म्हणून फेडरल कोर्टात दावा लावला होता. न्यायाधीश सुझन डलॉट यांनी तो वर्षानुवर्षं लढू देण्याऐवजी सगळ्या पक्षांना बोलणीला बसवलं. मध्यस्थ जे रॉथमन यांनी शहराचे आठ गट पाडले आणि सगळ्यांना एकच विचारलं: पोलीस आणि लोक यांच्यात तुम्हाला काय हवंय, का हवंय, आणि ते कसं होईल? सुमारे ३,५०० लोकांनी उत्तरं दिली. कृष्णवर्णीय नागरिक हा एक गट, गोरे नागरिक हा एक, तरुण मुलं हा एक, पोलीस आणि त्यांचे कुटुंबीय हाही एक. आणि एक गट होता 'इतर अल्पसंख्याक'. म्हणजे आपण. आपली खुर्ची २००१ मध्येच मांडलेली होती.

त्यातून एप्रिल २००२ मध्ये करार झाला. सह्या कोणाच्या? शहर प्रशासन, एसीएलयू, ब्लॅक फ्रंट आणि पोलिसांची युनियन. ज्यांच्यावर दावा होता त्यांचीच युनियन सही करते, हे मला आजही मोठं वाटतं. तक्रारी तपासायला पोलीस खात्याबाहेरचं नागरी प्राधिकरण आलं, त्याचे स्वतःचे तपासनीस आले. अंमलबजावणी पाहायला सॉल ग्रीन हे स्वतंत्र निरीक्षक नेमले गेले. कामाची पद्धतही बदलली. एकाच कोपऱ्यावर रोज अमली पदार्थ विकले जात असतील तर रोज दहा पोरं उचलायची नाहीत. तो कोपराच का, दिवा बंद आहे का, मागची इमारत ओसाड आहे का, हे वस्तीतल्या लोकांसोबत बसून शोधायचं.

१९९९ ते २०१४ या काळात पोलिसांच्या बळाच्या वापराच्या घटना ६९ टक्क्यांनी आणि नागरिकांच्या तक्रारी ४२ टक्क्यांनी कमी झाल्या. एका संघटनेने मोर्चा काढून हे झालं नसतं. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं कोर्टाच्या धाकाने का होईना, एका खोलीत बसली म्हणून झालं.

पिंपळपान

दादा, तळमळ पोहोचली. पण माझे वडील महाराष्ट्र पोलिसात हवालदार होते, बत्तीस वर्षं. गणपतीत आम्ही त्यांना घरी कधी पाहिलंच नाही, ते बंदोबस्तावर असायचे. त्यामुळे दुसरी बाजू मांडते.

त्या पंधरा जणांत काही सशस्त्र होते. पोलिसावर बंदूक रोखलेला माणूस आणि निःशस्त्र पळणारा मुलगा एकाच आकड्यात मोजले की रस्त्यावरच्या प्रत्येक पोलिसाला वाटतं, आपल्याला आधीच खुनी ठरवलंय. २००१ च्या उन्हाळ्यात तिथे काय झालं तेही लिहा ना. पोलिसांनी हात आखडता घेतला, अटका कमी झाल्या आणि गोळीबार वाढले. मेले कोण? त्याच वस्तीतली पोरं. उपनगरातल्या घरात बसून कोणाचं काही गेलं नाही.

बाहेरच्या समित्यांना अंधाऱ्या गल्लीतला एक सेकंद कळत नाही. चुकलं तर शिक्षा व्हावी, त्याला कोर्ट आहे. मंडळाने यात पडू नये.

सह्यकडा

मी वेगळ्या कारणाने नाही म्हणतो. आमच्यातले अर्धे एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डाची रांग संपत नाही. उद्या मंडळाचं नाव पोलिसांविरुद्धच्या पत्रकावर आलं तर निस्तरणार कोण? नागरिक झालेल्यांनी वैयक्तिक जावं, खुशाल जावं. मंडळाचा बॅनर नको. शिवाय हा या देशाचा गुलामगिरीपासूनचा हिशोब आहे. आपण तो केला नाही, आपल्यावर तो झाला नाही.

ओहायोकाठ

@सह्यकडा, आपल्यावर झाला नाही? फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन. नातवाला सांभाळायला गुजरातहून नुकतेच आलेले आजोबा सकाळी फेरफटका मारत होते. कोणीतरी फोन केला की एक काळा माणूस घरांजवळ रेंगाळतोय. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि मानेला अशी इजा झाली की अंशतः पक्षाघात झाला. गाडीच्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी तो पोलीस सुटला. माझे बाबा दर उन्हाळ्यात इथे येतात आणि सकाळी सहाला स्वेटर घालून फिरायला निघतात. त्यांच्या खिशात मी पत्त्याची इंग्रजी चिठ्ठी ठेवतो. हा हिशोब माझ्याही घरचा आहे.

बॅनरची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावत नाही.

@पिंपळपान, ताई, उन्हाळ्याचं तुम्ही म्हणता ते बरोबर, आणि मी ते लिहायला हवं होतं. पण कराराआधीचा तो उन्हाळा आहे. करारात पोलिसांचे कुटुंबीय हा गट याचसाठी होता की तुमच्या वडिलांसारख्या माणसाचं म्हणणं लेखी यावं. आणि 'त्याला कोर्ट आहे' म्हणता, तर कोर्टात तो पोलीस सुटलाच. तेव्हा खटला एकाच माणसावर होता. असे प्रसंग वारंवार का येतात, हे त्या खटल्यात कोणी विचारणार नव्हतंच.

भीमाकाठ

इथे सोलापूरहून वाचतोय. मी या बैठकीच्या बाजूचा नाही, पण वरच्या दोघांच्या कारणांनी नव्हे.

ओहायोकर, तुमच्या गोष्टीत समेट फार लवकर येतो. शहर सही करायला तयार का झालं? बहिष्कारामुळेही. संघटनांनी शहरावर बहिष्कार पुकारला, नामवंत कलावंतांनी कार्यक्रम रद्द केले, पैसा बुडायला लागला. आणि करारानंतर एका वर्षातच, २००३ मध्ये, ब्लॅक फ्रंट त्यातून बाहेर पडली. ज्यांच्या जखमेवर हा कागद लिहिला तेच उठून गेले, हे तुम्ही गाळलंत.

आमच्याकडचा अनुभवही ऐका. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी पारध्यांसारख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. चोरी झाली की पोलीस आजही आधी पालावर येतात. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. पालावरच्या किती बायांना ते कुठे बसतं हे माहीत आहे? मी वीस वर्षं पालांवर जातोय, मला एक भेटली नाही. समिती झाली की राग समितीत जिरतो.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेकडून घेतलं. त्या पोरांना बैठकीचं आमंत्रण नव्हतं. आपलं नातं असेल तर ते तिथलं आहे. जायचं तर वस्तीतल्या लोकांच्या मागे उभं राहायला जा, मधे बसायला नको.

ओहायोकाठ

भीमाकाठ, फ्रंट बाहेर पडली हे खरंय, ते गाळणं चूक होतं. पण ते उठून गेल्यावरही दावा कोर्टात उभा राहिला, कारण एसीएलयू थांबली होती आणि निरीक्षकांचे अहवाल न्यायाधीशांकडे जात होते. २००८ मध्ये कोर्टाची देखरेख संपली. त्यानंतर काम सैल झालं, इतकं की २०१७ मध्ये शहराला ग्रीन यांनाच पुन्हा बोलावून पाहणी करावी लागली. मला यातून तुमच्याहून वेगळं दिसतं. राग समितीत जिरला असेलही. पण लक्ष ठेवणारी माणसं घरी गेली तेव्हा कागद खरा मेला. तिमाही बैठक म्हणजे तेच लक्ष ठेवणं. तिथे भाषणं नसतात, किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या हे वाचून दाखवतात.

प्राधिकरण कुठे बसतं हे बाईला माहीत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते मनात राहिलं. इथेही आपल्या आजी-आजोबांना ते माहीत नाही. तो पत्ता आणि फोन नंबर मराठीत छापून मंडळाच्या दिवाळीत वाटता येईल. त्याला तर कोणाची हरकत नसावी.

सह्यकडा

पत्रकाला हरकत नाही. छपाईचा खर्च मी देतो. बॅनरला हरकत कायम.

पिंपळपान

पत्रकात एक ओळ माझीही घाला: पोलिसाने थांबवलं तर हात दिसतील असे ठेवा, खिशात घालू नका. बाबा नेहमी सांगायचे, समोरचाही घाबरलेला असतो.

बैठकीबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण एक विचारते. त्या खोलीत आता पोलिसांच्या घरचं कोणी येतं का?

ओहायोकाठ

माहीत नाही, ताई. पत्र पाठवणाऱ्या पाद्रींना आज संध्याकाळी फोन करतोय, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो. येत नसेल तर बोलवा, असंही सांगतो.

भीमाकाठ

आणि वस्तीतलं कोण बोलतं, तेही विचारा. फक्त पाद्री बोलतात की त्या गल्लीतल्या आया?