मदत हवी आहे: लीज लाइन चालू असतानाही बॅकअपचा मोडेम डायल करतोय

नमस्कार मंडळी. जळगावच्या एका पतसंस्थेचं नेटवर्क मी सांभाळतो. चोपडा शाखा ६४ केबीपीएसच्या लीज लाइनवर (कायम जोडलेली भाड्याची लाइन) आहे. ती तुटलीच तर म्हणून शाखेच्या राउटरला ऑक्स पोर्टवर (जादा जोडणीचं तोंड) ५६केचा मोडेम लावलाय, साध्या टेलिफोन लाइनवर. सगळीकडे ओएसपीएफ आहे, म्हणजे राउटर एकमेकांना रूट (वाटा) कळवतात तो प्रोटोकॉल.

अडचण अशी, की लीज लाइन धडधाकट असताना मोडेम गप्प बसत नाही. फोनचं बिल बघून मॅनेजर साहेबांनी मला बोलावून घेतलं.

सुरुवातीला डायलर-लिस्टमध्ये, म्हणजे कुठल्या पॅकेटसाठी डायलरने (मोडेमच्या इंटरफेसने) फोन लावायचा त्या यादीत, सगळंच परमिट होतं. ओएसपीएफचा हॅलो (समोरच्या राउटरला 'मी आहे' सांगणारं पॅकेट) दर १० सेकंदांनी जातो आणि आयडल-टाइमआउट (इतका वेळ परमिट केलेलं पॅकेट गेलं नाही तर लाइन सुटते) १२० सेकंदांचा, मग लाइन सुटणार कधी? रात्रभर लागलेली. म्हणून २२४.०.०.५ (ओएसपीएफची पॅकेटं जातात तो पत्ता) डिनाय केलं. मोडेम शांत झाला, मीही निर्धास्त झालो, आणि तिथेच चुकलो. पंधरा दिवसांपूर्वी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, तर मोडेमने डायलच केलं नाही. हॅलो जात नाही म्हणजे डायलरवर नेबर (ओळख पटलेला समोरचा राउटर) नाही, नेबर नाही म्हणजे रूट नाही. पॅकेट मोडेमकडे वळणार कसं? बाजाराचा दिवस होता. कापसाचे पैसे काढायला सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली माणसं दीड तास ताटकळली. एक आजी पासबुक पदरात धरून भिंतीला टेकून बसल्या होत्या. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

आता ओएसपीएफ परत परमिट करून डायलरवर डिमांड-सर्किट टाकलंय (हॅलो न पाठवता गरज पडली तरच लाइन वापरायची सोय). हॅलो थांबले. तरी दोन मिनिटांनी लाइन सुटते आणि लगेच मोडेमवरचा ओएचचा (ऑफ-हुक, म्हणजे फोन उचललेला) दिवा परत लागतो. दिवसभर हेच. डीबग डायलर (फोन का लावला ते दाखवणारी कमांड) दरवेळी २२४.०.०.५ हेच कारण दाखवतं. एक सांगायचं राहिलं: शाखेतल्या एका जुन्या राउटरसाठी रिप (रूट कळवणारा जुना प्रोटोकॉल) चालू आहे, त्याचे रूट ओएसपीएफमध्ये रिडिस्ट्रिब्यूट होतात, म्हणजे पुढे दिले जातात. डायलरवर रिप पॅसिव्ह आहे, म्हणजे तिथून रिप काही पाठवत नाही. कुठे बघू?

तापीकाठ:
भाऊ, शेवटी सांगितलंत तिथेच दुखणं आहे. रिपमध्ये नेटवर्क १०.०.०.० असं लिहिलेलं असणार. पीपीपी लागलं (फोनवरून दोन राउटर जोडले गेले) की समोरच्या पत्त्याचा /३२ रूट (फक्त त्या एका पत्त्याचा) आपोआप तयार होतो, रिपच्या त्या ओळीत बसतो आणि ओएसपीएफमध्ये शिरतो. लाइन सुटली की तो रूट जातो, आणि गेल्याचं कळवायला ओएसपीएफ पुन्हा फोन लावतं. डायलरवर 'नो पीअर नेबर-रूट' द्या, हे चक्र तुटेल.

पण डिमांड-सर्किट असलं तरी एरियात (ओएसपीएफच्या त्या भागातल्या नेटवर्कमध्ये) काही बदललं की फोन लागतोच. एका शाखेसाठी मी तर डायलरवरून ओएसपीएफ काढूनच टाकेन. फ्लोटिंग स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला राखीव रूट) द्या, डिस्टन्स २००; डिस्टन्स कमी तो रूट आधी वापरला जातो. ओएसपीएफचा ११०, त्यामुळे लीज लाइन असेपर्यंत स्टॅटिक टेबलात येतच नाही. जळगावच्या बाजूलाही द्या हं, नाहीतर शाखेचं पॅकेट पोचेल पण उत्तर परतणार नाही.

धागाकर्ता:
दोन्ही टोकांना स्टॅटिक टाकला, डायलरवरचं ओएसपीएफ काढलं. शनिवारी कॅश मिटल्यावर लीज लाइनची केबल स्वतः उपसली. पहिले काही पिंग वाया गेले, मग मोडेमची शिट्टी ऐकू आली आणि पाऊण मिनिटात सर्व्हर दिसायला लागला. केबल परत लावली, थोड्या वेळाने ओएचचा दिवा विझला. आज चौथा दिवस, अजून विझलेलाच आहे. भाऊ, मनापासून आभार.