स्पा दरवर्षी का नाही?

पंचवटीकर: २०२८ आणि २०३० च्या एफ-वन (फॉर्म्युला वन कार शर्यती) कॅलेंडरमध्ये बेल्जियमचा स्पा ट्रॅक नाही, हे मला पटतच नाही. सात किलोमीटरचा ट्रॅक! ओ रूज वळणाच्या खळग्यातून गाडी चढावर झेपावते, तेव्हा माथ्यापलीकडचं काही दिसत नाही. इगतपुरीत धो-धो आणि नाशकात ऊन, तसं तिथे एक टोक ओलं, दुसरं कोरडं. टायर कुठले लावायचे? शर्यत तिथेच रंगते. तुमच्या मते कुठला ट्रॅक हवाच?

सातपूरवाला: जपानचा सुझुका. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, स्वतःलाच ओलांडून जाणारा. मोनॅको मात्र काढा दादा, त्या गल्लीबोळांत ओव्हरटेक करणार कुठे?

पंचवटीकर: शनिवारची क्वालिफायिंग, म्हणजे शर्यतीत कोण पुढून सुटणार ते ठरवणारी फेरी बघा, गाड्या भिंतीला अगदी चाटून जातात. मोनॅको राहू द्या.

सिडकोकर: आणि आपलं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट? २०११ ते २०१३, तिन्ही शर्यती जर्मन ड्रायव्हर वेटेलने मारल्या. मागच्या लांब सरळ पट्ट्यावर ओव्हरटेकला भरपूर जागा आहे. ते परत आलंच पाहिजे.