रात्रीची फाइल की कनेक्टर? सीआरएमच्या डेटावरून आमच्यात पडलेले दोन तट

साचाकाम

शिरोली एमआयडीसीत पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत आयटी बघतो. फाउंड्री आमचीच, डीलर कोल्हापूर-सांगलीपासून बेळगावपर्यंत. सीआरएम (डीलर, ग्राहक आणि ऑर्डरींच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) सेल्सफोर्स, कारखान्याचं ईआरपी (उत्पादन, साठा, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) वेगळं. दोघांत आजवर एकच दुवा: रात्री सीआरएममधून फाइल निघते आणि सकाळी प्लॅनिंगवाल्यांच्या हाती पडते.

आता मालकांना डेटा 'लाइव्ह' हवाय. सल्लागाराने काफ्का कनेक्टचा प्रस्ताव दिलाय (काफ्का म्हणजे बदलांच्या घटना ओळीने साठवून पुढे देणारी यंत्रणा, कनेक्टर म्हणजे सीआरएममधून त्या उचलून तिच्यात टाकणारा प्रोग्राम) आणि ऑफिसात दोन तट पडलेत. माझं मत मांडतो, हवं तेवढं फोडून काढा.

मला कनेक्टर हवाय, पण मालक सांगतात त्या कारणासाठी नाही. डॅशबोर्डवरचा आकडा दर मिनिटाला हलला म्हणून एकही पंप जास्त खपत नाही. मला तो हवाय फाइलला जे दिसतच नाही त्यासाठी. समजा डीलरने सकाळी ४०० बॉडी सांगितल्या, दुपारी २५० केल्या, संध्याकाळी ओतीव लोखंडाची ग्रेड बदलून एसजी ५००/७ मागितली. फाइलमध्ये फक्त शेवटची अवस्था येते. तोवर मोल्डिंगवाल्यांनी फोनवर ऐकून ४०० चे साचे धरलेले असतात आणि सकाळी कोण खरं, कोण खोटं यावरून जुंपते. दुसरी गोष्ट खोडलेल्या नोंदींची. फाइलमधून नोंद गुपचूप गायब होते, ईआरपीत मात्र ती जिवंतच राहते, कारण ती खोडली गेली हे फाइल कुणालाच सांगत नाही.

सेल्सफोर्समधलं चेंज डेटा कॅप्चर (सीडीसी) सुरू केलं की प्रत्येक बदलाची वेगळी घटना येते. नवी नोंद, बदल, खोडणं, खोडलेलं परत आणणं, आणि सोबत वेळ. कनेक्टर ती उचलून काफ्काच्या टॉपिकमध्ये (घटनांची एक रांग) टाकतो. मला चारच ऑब्जेक्ट (नोंदींचे प्रकार) लागतात: अकाउंट (डीलरची नोंद), ऑर्डर, ऑर्डरमधला माल आणि केस (तक्रारीची नोंद). जादा लायसन्स न घेता पाच निवडता येतात, तेव्हा तिथे तरी खर्चाची बोंब नको.

उजळाईवाडी_कट्टा

सगळं पटवून सांगितलंत, पण दोन्ही दुखण्यांवर औषध तुमच्या घरातच पडलंय आणि तुम्ही नवा दवाखाना बांधायला निघालात.

मधले बदल हवेत? सेल्सफोर्समधलं फील्ड हिस्ट्री ट्रॅकिंग चालू करा. एका ऑब्जेक्टवर २० फील्ड (नोंदीतले रकाने), आधी काय होतं, आता काय आहे, कोणी बदललं, केव्हा बदललं. स्क्रीनवर १८ महिने दिसतं, एपीआयने (प्रोग्रामने डेटा मागायची सोय) २४ महिने मिळतं. संख्या आणि ग्रेड, दोनच फील्ड तर तुम्हाला बघायची आहेत!

खोडलेल्या नोंदी? क्वेरी ऑल वापरा, त्यात खोडलेल्याही येतात. रिसायकल बिनमध्ये नोंद १५ दिवस असते आणि इज डिलीटेड हे फील्ड खरं होऊन येतं. सिस्टम मॉडस्टॅम्पवर (नोंद शेवटची बदलल्याची वेळ) गाळण लावून दर १५ मिनिटांनी चार ऑब्जेक्ट विचारले, तर दिवसाला ३८४ कॉल होतात. एंटरप्राइझ आवृत्तीत २४ तासांची मर्यादाच १,००,००० पासून सुरू होते. पायथनची एक स्क्रिप्ट आणि ठरल्या वेळी ती चालवणारा एक क्रॉन. ती बिघडली तर कुठलाही पोरगा दुरुस्त करेल. काफ्काचा क्लस्टर बिघडला तर पुण्याला फोन करणार का?

सल्लागार प्रस्ताव का देतो हे वेगळं सांगायला नको.

फिरतीवरचा

मी दुसऱ्या एका कंपनीचा सेल्समन, आयटीतलं काय कळत न्हाई. खरं एक सांगतो भावांनो. चंदगड-आजऱ्याकडं फिरताना निम्म्या गावात रेंज नसते. दिवसभर वहीत लिवतो आणि शनिवारी संध्याकाळी सगळं सीआरएममधी भरतो, कारण सोमवारी साहेब रिपोर्ट बघतात. आमच्याकडं सगळेच तसं करतात. तुमी लाखभर रुपयं घालून यंत्र बसवा, शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ धबाधबा डेटा येईल, बाकी आठवडा शुकशुकाट. मंगळवारची ऑर्डर शनिवारी कळली, तर ती एका सेकंदात कळली काय आन् एका रात्रीत कळली काय?

साचाकाम

फिरतीवरचा, तुमचा मुद्दा आजवर ऐकलेल्या विरोधातला सगळ्यात जड आहे. घटनेवरची वेळ सर्व्हरवर नोंद पडल्याची असते, ग्राहकाने तोंडाने सांगितल्याची नसते. ते कुठलाच कनेक्टर बदलू शकत नाही. पण आमच्या ऑर्डरी बहुतेक डीलरकडून थेट ऑफिसात फोनवर येतात आणि आतली दोन माणसं त्या लगेच भरतात. गावोगावच्या भेटींच्या नोंदी मी कनेक्टरच्या यादीत घेतलेल्याच नाहीत. त्या रात्रीच्या फाइलमध्ये राहू देत.

उजळाईवाडी, पोलिंगचा (ठरावीक वेळाने विचारत राहण्याचा) हिशेब बरोबर आहे. पण रिसायकल बिन १५ दिवसांच्या आत रिकामी करता येते, आणि हार्ड डिलीटची नोंद तिथे जातच नाही. हिस्ट्रीबद्दल बोलायचं तर ती प्रत्येक ऑब्जेक्टची वेगळी, मूळ नोंदीशी जोडून घ्यावी लागते, आणि २० फील्डच्या बाहेरचं काही बदललं तर हाती शून्य. काल परवापर्यंत फाइल एक्सेलमध्ये उघडून व्हीलूकअप (आयडीवरून ओळ शोधणारं सूत्र) लावत होतो. रिपोर्टमधला आयडी १५ अक्षरी, त्यात लहान-मोठी लिपी वेगळी मानली जाते, आणि व्हीलूकअपला तो फरक कळत नाही. एका डीलरचा माल दुसऱ्याच्या नावावर चढायला एवढं पुरतं. एपीआयवरून १८ अक्षरी येतो, तो त्रास संपतो. अर्थात हे तुमच्या स्क्रिप्टनेही संपेल, मान्य.

मंगळवारपेठ

हीच कामं करून पोट भरतो, त्यामुळे उजळाईवाडींचा टोमणा अंगावर घेतो आणि पुढे जातो.

इथे सगळे कनेक्टर लावायचा की नाही यावर भांडताय. खरी मारामारी लावताना होते. सीडीसी फक्त आजपासूनचे बदल देतं, जुना साठा देत नाही. म्हणून क्रम असा: आधी कनेक्टर चालू करून टॉपिकमध्ये बदल साठू द्यायचे, मग बल्क एपीआयने सगळा जुना डेटा उतरवायचा, आणि त्यानंतर साठलेले बदल त्यावर चढवायचे. काही बदल दोनदा लागतील. लागू देत. आयडीवर अपसर्ट (नोंद असेल तर बदल, नसेल तर नवी) असलं की फरक पडत नाही. उलट क्रमाने गेलात तर साठा उतरवताना झालेले बदल कायमचे निसटतात आणि कुठे एरर म्हणून दिसतही नाही.

दुसरं, बदलाच्या घटनेत बदललेली फील्डच भरलेली असतात. बाकीची रिकामी येतात. आता रिकामं म्हणजे बदललं नाही की कोणी मुद्दाम पुसलं? हे घटनेच्या हेडरमध्ये (माथ्यावरच्या माहितीत) लिहिलेलं असतं. ते न वाचता सरळ टेबलात ओतलंत, तर डीलरने फोन नंबर बदलला की त्याचा जीएसटी क्रमांक कोरा होतो. महिन्याअखेर बिलं काढताना अकाउंट्सवाले तुम्हाला शोधत येतील.

फॉर्म्युला फील्ड यात येतच नाहीत. सवलतीनंतरची किंमत फॉर्म्युल्याने काढत असाल तर ती ईआरपीत पुन्हा काढावी लागेल.

आणि काफ्का कनेक्टमध्ये एरर टॉलरन्स (चुका सोसायची सेटिंग) 'ऑल' करायचा मोह आवरा. कनेक्टर हिरवागार दिसत राहतो आणि न उलगडलेल्या नोंदी मागच्या मागे टाकून देतो. डेड लेटर क्यू (बिघडलेल्या नोंदी बाजूला ठेवायची जागा) सिंक कनेक्टरला, म्हणजे काफ्कातून बाहेर नेणाऱ्याला मिळते, सोर्सला, म्हणजे आत आणणाऱ्याला नाही. मुळात ते 'नन' असतं, तसंच राहू द्या. बंद पडला तर निदान कळेल तरी.

उजळाईवाडी_कट्टा

मंगळवारपेठ, तुम्ही माझीच बाजू मांडलीत की! इतकी भोकं बुजवायची असतील तर माझी १५ मिनिटांची स्क्रिप्ट काय वाईट? ती पूर्ण नोंद आणते. रिकामं म्हणजे रिकामं.

आणि साचाकाम, ज्या 'मधल्या बदलां'साठी हा खटाटोप, ते तरी सीडीसी हमखास देतं का? एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये एका नोंदीला दोनदा हात लागला तर घटना एकच येते. काही वेळा पूर्ण घटना बनवताच येत नाही, तेव्हा गॅप इव्हेंट येतो. त्यात नोंदीचा आयडी असतो, बदल काय झाला ते नसतं. मग तुम्ही एपीआयने पूर्ण नोंदच मागवणार. म्हणजे फिरून माझ्याच दारात.

तपोवन

वेगावर तुम्ही बोलताय तेवढं पुरे. मला वेगळी काळजी आहे. कनेक्टरसाठी जो इंटिग्रेशन युजर बनवाल त्याला ऑब्जेक्टवर 'व्ह्यू ऑल' (सगळ्या नोंदी बघायची परवानगी) द्यावं लागतं आणि सीडीसी शेअरिंगचे नियम बघत नाही. सीआरएममध्ये सांगलीच्या माणसाला बेळगावचा डीलर दिसत नसेल, पण टॉपिक वाचणाऱ्या प्रत्येकाला सगळे दिसतील. फील्डवरची परवानगी मात्र पाळली जाते. तेव्हा मोबाईल, पत्ता, जन्मतारीख हे त्या युजरला मुळातच दाखवू नका. प्लॅनिंगला जन्मतारीख कशाला?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. केस ऑब्जेक्टमध्ये पंपाची तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याचं नाव-नंबर असतो, तो काही कंपनीचा जीएसटी क्रमांक नव्हे. उद्या त्याने 'माझी माहिती काढा' म्हटलं तर सीआरएममधून काढाल, टॉपिकमधून? रात्रीच्या फाइलींचं तर बोलूच नका. त्या किती लोकांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडल्यात कोणास ठाऊक.

साचाकाम

ताई, हे खरंच यादीत नव्हतं. केसमधून तक्रारीचा प्रकार, पंपाचं मॉडेल आणि तारीख एवढंच घेतो.

गोकुळशिरगाव

आम्ही ईआरपीनेक्स्टवर आहोत, सीआरएमही त्यातच, सर्व्हर आमच्याच खोलीत. तिथे सेल्सफोर्सचं काहीच लागू नाही. डेबेझियम (डेटाबेसमधले बदल टिपणारा कनेक्टर) थेट मारियाडीबी डेटाबेसचा बिनलॉग (बदलांची नोंदवही) वाचतं. बिनलॉग मुळात बंद असतो, तो चालू करून फॉरमॅट 'रो' करावा लागतो, नाहीतर 'मिक्स्ड' राहतो. मग ओळ पूर्वी कशी होती आणि आता कशी आहे, दोन्ही अख्ख्या मिळतात. गॅप इव्हेंट नाही, लायसन्स नाही, फील्डची मर्यादा नाही. उजळाईवाडींना आणखी काय हवं?

उजळाईवाडी_कट्टा

डिस्क हवी. बिनलॉगने सर्व्हर भरला की तुमचं ईआरपीच झोपणार.

गोकुळशिरगाव

जुने लॉग किती दिवसांनी पुसायचे ते ठरवता येतं हो.

फिरतीवरचा

आन् पुराचं काय? २०१९ ला, २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली. गाड्या बंद, माणसं अडकलेली. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाच्या वर पाणी गेलं की धोक्याची पातळी, मग तुमचं यंत्र कोण बघायला जाणार? होडीतनं?

मंगळवारपेठ

आयटीतलं कळत नाही म्हणता आणि नेमकं वर्मावर बोट ठेवता. सेल्सफोर्स या घटना ७२ तासच सांभाळतं. कनेक्टर कुठवर वाचलं ते रिप्ले आयडीने लक्षात ठेवतो आणि बंद पडून उठला की तिथून पुढे वाचतो. पण चौथ्या दिवशी उठला तर तो आयडी शिळा झालेला असतो. मग पुन्हा पूर्ण साठा उतरवणं आलं. कनेक्टर शिरोलीतल्या सर्व्हरवर असेल तर दर पावसाळ्यात ही टांगती तलवार.

साचाकाम

म्हणूनच कनेक्टर आणि काफ्का दोन्ही मुंबईच्या क्लाउड रीजनमध्ये ठेवायचं ठरतंय. कारखान्यात फक्त वाचणारा प्रोग्राम. काफ्कात मुळात सात दिवस डेटा राहतो, तो आम्ही १४ दिवस करणार. कारखाना आठवडाभर अंधारात गेला तरी वीज आल्यावर सोडलं तिथून वाचेल. उजळाईवाडी, तुमची स्क्रिप्ट शिरोलीत असती तर तीही बंदच पडली असती.

उजळाईवाडी_कट्टा

पडली असती, पण उठल्यावर 'शेवटच्या वेळेनंतरचं सगळं दे' म्हणाली असती आणि सेल्सफोर्सने निमूट दिलं असतं. तिला ७२ तासांचं बंधन नाही. पंधरवड्यापलीकडचे खोडलेले गेले असते, एवढंच.

आणि तुमच्या क्लाउडचं बिल पाऊस असो नसो, दर महिन्याला येणार.

तरी ऑर्डर आणि ऑर्डरमधला माल, या दोघांपुरता मी विरोध सोडतो. साचे धरल्यावर ग्रेड बदलली तर पंधरा मिनिटंसुद्धा महाग आहेत, हे फाउंड्रीत काम केलेल्याला सांगावं लागत नाही. अकाउंट आणि केसला कनेक्टर लावणं मात्र अजूनही उधळपट्टीच वाटते. आणि अट एकच, पहिल्या तिमाहीत रात्रीची फाइल बंद करायची नाही. रोज सकाळी फाइल आणि टॉपिकवरून बनलेलं टेबल समोरासमोर ठेवा. न जुळलेल्या ओळी इथे टाका. मग बघू कोण किती गळतंय. आणि वेळ जुळवताना साडेपाच तास मिळवायला विसरू नका. घटनेवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, तिसऱ्या पाळीचा माल आदल्या तारखेत जाऊन बसेल.

साचाकाम

अकाउंट लागणारच. डीलरचा पत्ता बदलला की ट्रक जुन्या गोडाऊनला जातो. केस सोडून देतो, तपोवन ताईंचाही त्रास वाचेल. न जुळलेल्या ओळी दर शनिवारी टाकीन, डीलरची नावं आणि भाव काढून.

फिरतीवरचा

शनिवारी नगा टाकू, त्या दिवशी आमी भरत असतो.