गोल कोण मारणार ते नंतर. चेंडू तिथवर नेणार कोण?

आमखासचा विंगर (छत्रपती संभाजीनगर):
फुटबॉलच्या २०२७ आशियाई चषक पात्रतेतल्या भारताच्या पहिल्या पाच मॅच बघा. शिलाँगला बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१, सिंगापुरात १-१, मडगावला सिंगापूरकडूनच १-२, ढाक्यात ०-१. पाच मॅच, गोल दोन.

जो तो म्हणतो, सुनील छेत्रीनंतर गोल मारणारा स्ट्रायकर नाही. मला ते पटत नाही. ते दोन गोल आठवा. सिंगापुरात त्यांचा बॅकपास चुकला आणि रहीम अलीनं तो पकडला. मडगावला छांगटेनं लांबूनच हाणला. मधून पास जुळवत बचाव फोडलेला गोल एकही नाही. समोरचे दहा जण मागं जाऊन बसले की आपला चेंडू सेंटर-बॅककडून (मधला बचावपटू) फुल-बॅककडं (कडेचा बचावपटू), तिथून विंगवर म्हणजे कडेला, मग गोलासमोर क्रॉस. बॉक्समध्ये आपला एक, त्यांचे चार. त्यांच्या मिडफिल्ड आणि बचावाच्या मधल्या जागेत गोलाकडं पाठ करून पास घेऊन वळणारा माणूसच आपल्याकडं नाही.

लातूरकर डावखुरा:
भाऊ, हाँगकाँगची मॅच विसरलात? आपल्या लिस्टननं आशिकला गोलासमोर आयता चेंडू दिला होता. गेला बाहेर. तुमचा तो वळणारा माणूस तिथं काय करणार होता? दुखणं क्लबांत आहे, स्ट्रायकर म्हणून परदेशीच खेळवतात. आयएसएलमध्ये (देशातली वरची क्लब लीग) २०२४-२५ ला सगळ्यात जास्त गोल मोरोक्कोच्या अजाराईचे, २३. भारतीयांत पहिला पुन्हा छेत्रीच, १४ गोल, तेही चाळिशी गाठल्यावर! पंचविशीतली पोरं बाकावर बसून बघायलीत. मॅचमध्ये पाय थरथरणारच.

नांदेडचा गोलकीपर:
मुरमाच्या मैदानावर खेळून बघा. जमिनीवरून दिलेला पास कुठं उडेल ते देवाला ठाऊक. म्हणून कोच पहिल्या दिवसापासून ओरडतो, ‘उंच मार!’ मधून खेळणारं पोरगं येणार कुठून?

परभणीकर:
गोलकीपरदादा, छांगटे मिझोरामचा, लिस्टन गोव्याचा, आशिक केरळचा. आपल्या मुरमाचं खापर त्यांच्यावर कशाला? (आपल्या जिल्ह्यांना धड मैदान मिळत नाही, हे मान्य. पण तो वेगळा धागा काढा.)

आमखासचा विंगर:
@लातूरकर, आशिकनं सोडली ती संधी सोपी होती, नाही म्हणत नाही. पण एक हुकली की दुसरीची वाटच बघत बसायची, असा खेळ असेल तर जगातला कुठलाही स्ट्रायकर उपाशीच मरेल. आणि परदेशी काय फक्त नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी असतात? स्ट्रायकरच्या मागून पास पुरवणारे बुमूससारखे दहा नंबरवालेही क्लबांनी बाहेरूनच आणले. तुमचं कारण खरं धरलं, तरी ते माझ्याच बाजूनं जातंय.

लातूरकर डावखुरा:
जाऊ द्या, दोन्हीकडं वानवा आहे म्हणा. पण मला एकच जागा भरायला दिली तर मी नऊ नंबरच भरीन. पास देणारा चुकला तरी चेंडू आपल्याकडं परत येतो, गोलासमोर चुकलं की मॅच जाते.

परभणीकर:
तुम्ही दोघं सुंदर फुटबॉलच्या मागं लागलात. खालिद जमील भारताचे कोच म्हणून आल्यावर पहिल्याच मॅचमध्ये, २०२५ च्या काफा नेशन्स कप स्पर्धेत, ताजिकिस्तानला २-१ हरवलं. गोल कुणाचे? अन्वर अली आणि झिंगन, दोघंही बचावपटू. कॉर्नर, फ्री-किक, लांब थ्रो यांवर जोर द्या. आपल्याला आज एवढंच जमतंय.

आमखासचा विंगर:
त्याच स्पर्धेत अफगाणिस्तानशी ०-० झालं, काका. कॉर्नर त्या दिवशीही होतेच की.