सरकारी टपालाची 'ओव्हरप्रिंट' कार्डं: मराठीत काय म्हणावं?

दौतटाक
एका संग्राहकाच्या मांडणीतले इंग्रजी मथळे मराठीत करून देते आहे. वस्तू साधी आहे: पंचम जॉर्जच्या काळातलं पोस्टकार्ड. तिकीट कार्डावरच छापलेलं, आणि राजाच्या चेहऱ्यावर काळ्या अक्षरांत इंग्रजीत 'सर्व्हिस' असं मागाहून छापलेलं. म्हणजे सर्वसामान्यांसाठी निघालेलं कार्ड सरकारी टपालाला लावलं. मी लिहिलं, 'शासकीय टपालासाठी पुनर्वापर केलेली अधिमुद्रित टपाल लेखनसामग्री'. त्यांचं उत्तर आलं: "कार्ड एकदाही वापरलेलं नव्हतं, मग पुनर्वापर कसला? आणि लेखनसामग्री म्हणजे टाक, शाई, टीपकागद. यातलं माझ्याकडे काहीच नाही." दोन्ही हरकती पटल्या. मग म्हणायचं काय?

कोशवाचक
'अधिमुद्रण' सोडू नका, तो शब्द नेमका आहे. गोंधळ होतो तो 'अधिभार'पाशी. छापील तिकिटावर नुसता मजकूर चढवला तर अधिमुद्रण. छापून किंमतच बदलली तर हिंदीवाले त्याला अधिभार म्हणतात. १९०५ मध्ये सातव्या एडवर्डच्या अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पाव आण्याचा आकडा छापला, तो हा दुसरा प्रकार. तिथे किंमत उतरली आहे आणि आपण म्हणतोय 'अधिभार'! मराठी वाचकाला तो शब्द दिसला की वाढीव कर आठवतो. मी तिथे 'किंमतबदल' लिहीन.

सोपंच_बरं
अधिमुद्रण वाचून किती जणांना कार्ड डोळ्यांपुढे येईल? 'वरछाप' म्हणा की. छापावर छाप.

कोशवाचक
'वर' लागला की मराठीत वरखर्च, वरकमाई असे शब्द मनात येतात. सरकारी कार्डाच्या बाबतीत तर नकोच.

बारनिशी
माझे वडील एका कचेरीत आवक-जावक बारनिशीला होते. त्यांच्या तोंडी कायम 'सर्व्हिसची तिकिटं', 'सर्व्हिसचं पाकीट'. रोज संध्याकाळी किती लागली, किती उरली, ते वहीत मांडायचे. त्या खात्यातलं एक तिकीटही घरच्या पत्राला लावलं नाही त्यांनी. 'शासकीय' हा शब्द फायलीवर असायचा, बोलण्यात नाही.

आणि पुनर्वापर म्हणाल तर तो खरा व्हायचा, पण पाकिटांचा. आलेलं पाकीट ओल्या फडक्याने सांध्यावर दाबून सोडवायचं, उलटं करायचं, खळ लावून पुन्हा चिकटवायचं. नाहीतर जुन्या पत्त्यावर कोरी चिठ्ठी डकवायची. तिला 'इकॉनॉमी स्लिप' म्हणत. असं एक पाकीट माझ्याकडे आहे. दिव्यासमोर धरलं की आतला जुना पत्ता उलट्या अक्षरांत दिसतो. पुनर्वापर हा शब्द अशा पाकिटासाठी राखून ठेवा.

स्वभाषा
वडिलांच्या आठवणीबद्दल आदर आहे, पण 'सर्व्हिस' हा मराठी शब्द नव्हे. आपल्याकडे 'सेवार्थ' आहे. सावरकरांनी 'दिनांक' दिला तेव्हाही लोक म्हणाले असतील की तारीख काय वाईट आहे? आज दिनांक प्रत्येक अर्जावर आहे. वापरला की शब्द रुळतो.

जुनी_पेटी
तीस वर्षं हेच गोळा करतोय, म्हणून लिहितो. कार्डावर त्या काळी काय छापलं होतं ते आधी बघू या.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६६ मध्ये तिकिटांवर 'सर्व्हिस' आलं. १८७४ पासून 'ऑन एच. एम. एस.', म्हणजे राणीच्या सेवेत. पंचम जॉर्जच्या तिकिटांवर १९१२ पासून पुन्हा 'सर्व्हिस'. हे झालं इंग्रजांचं.

आता संस्थानं. निजामाच्या हैदराबादेत १८७३ पासून सरकारी टपालाच्या तिकिटांवर उर्दू लिपीत एकच शब्द: 'सरकारी'. त्रावणकोरात 'ऑन एस. एस.', कोचीनला 'ऑन सी. जी. एस.', दोन्ही म्हणजे संस्थानी सरकारच्या सेवेत. आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत, १८९५ पासून, ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर संस्थानाच्या नावासोबत देवनागरीत छापलंय 'सरविस'. र पूर्ण, रफार नाही. पहिल्यांदा भिंगाखाली ती अक्षरं वाचली तेव्हा कितीतरी वेळ बघत राहिलो होतो. मराठा दरबार देवनागरीत इंग्रजी शब्द छापतोय. म्हणजे या कामासाठी देवनागरीत छापलेला शब्द सव्वाशे वर्षांपूर्वीच होऊन गेलाय.

स्वभाषा
होऊन गेला म्हणून तो योग्य ठरत नाही. आणि तुमच्याच यादीतला 'सरकारी' फारसी आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी ना?

बारनिशी
मग 'बारनिशी' कुठे टाकायची? तीही फारसीतूनच आली, आणि पेशव्यांच्या दप्तरात मानाने बसली.

जुनी_पेटी
जगभर दोनच वाटा दिसतात. काही जण 'सेवा' छापतात: डच ईस्ट इंडीजमध्ये 'दीन्स्त'. काही 'अधिकृत' छापतात: स्पॅनिश देशांत 'ओफिसियाल'. लक्झेंबर्गने आधी 'ओफिस्येल' छापलं, मग 'एस. पी.', म्हणजे सार्वजनिक सेवा. अर्थ एकच, पण 'सेवा' छापलं की सरकार चाकर होतं, 'अधिकृत' छापलं की मालक. अनुवाद करताना मूळ छाप कुठली ते बघा. 'सर्व्हिस' असेल तर 'शासकीय' लिहून तो चाकरीचा भाव घालवू नका.

दौतटाक
हे फार उपयोगी झालं. 'पुनर्वापर' काढते, 'सरकारी कामाला लावलेली' लिहिते. पण 'स्टेशनरी'चं काय? मांडणीत कार्ड आहे, छापील पाकीट आहे, एक जोडकार्डही आहे, उत्तराचं कार्ड जोडलेलं. या सगळ्यांना मिळून एक शब्द हवा.

सोपंच_बरं
'लखोटे'.

कोशवाचक
लखोटा म्हणजे बंद केलेलं. उघडं कार्ड लखोटा कसं होईल? 'छापील तिकिटाची टपालपत्रे' म्हणा. लांब आहे, पण खोटं नाही.

टप्पा_टप्पा
टपालाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या आजोबांचं ठाम मत होतं की टपाल हे 'टप्पा'वरून आलं. हरकारे टप्प्याटप्प्याने थैली पुढे देत, म्हणून.

कोशवाचक
मोह होतो खरा. एकोणिसाव्या शतकात तेलुगूचे कोशकार सी. पी. ब्राउन यांनी ते फ्रेंच 'एताप'शी जोडलं होतं, आणि गंमत म्हणजे त्याचाही अर्थ मुक्काम, टप्पा. पण तमिळ-मल्याळमात 'तपाल', कन्नडात 'टपालु'. दक्षिणेत इतका पसरलेला शब्द एकट्या मराठी टप्प्यावर बसवणं मला धाडसाचं वाटतं.

टप्पा_टप्पा
मग दक्षिणेत आपणच नेला असेल. तंजावरपर्यंत मराठे गेलेच होते.

बारनिशी
आमच्याकडे 'टपाल आली' म्हणत. तुम्ही सगळे 'आलं' म्हणता?

स्वभाषा
नपुंसकलिंगीच. 'आली' हे 'डाक'मुळे झालं असणार.

बारनिशी
वडिलांनी 'डाक' हा शब्द कधी उच्चारला नाही. आणि 'टपाल निघाली का?' हे मी शेकडो वेळा ऐकलंय.

दौतटाक
मथळा उद्या द्यायचा आहे. आत्तापुरतं केलंय: 'सर्व्हिस छापाची कार्डं आणि पाकिटं: सरकारी कामाला लावलेली'. जोडकार्ड राहिलंय, त्याला वेगळी चिठ्ठी लावते.

जुनी_पेटी
'छापाची' की 'छापेची'? छाप ती ना? "त्याची छाप पडली".

टप्पा_टप्पा
पडते ती छाप स्त्रीलिंगी. छापखान्यातला तो छाप.

कोशवाचक
छापखान्यातला 'छापा' होतो. थांबा, मोल्सवर्थचा मराठी कोश काढतो.