नाझची तीस वर्षे: 'इल्मॅटिक'चे माप कुठवर लावायचे?

पार्क चौक :

सोलापुरात रॅप मन लावून ऐकणाऱ्यांची संख्या आता लहान राहिलेली नाही, आणि त्यांच्यात नाझ या अमेरिकी रॅपरविषयी एक मत जवळजवळ गृहीत धरले जाते. १९९४ साली, विसाव्या वर्षी त्याने 'इल्मॅटिक' हा पहिला अल्बम केला, तिथेच त्याचे खरे काम संपले आणि पुढची तीस वर्षे तो त्या एका अल्बमच्या पुण्याईवर जगला, असे ते मत आहे. मला ते मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर लिहावे म्हणून हा धागा सुरू करत आहे.

'इल्मॅटिक'ची थोरवी मी नाकारत नाही. क्वीन्सब्रिज ही न्यूयॉर्कमधली १९३९ साली उभी राहिलेली सरकारी वसाहत. शहाण्णव इमारती आणि तीन हजारांहून अधिक घरे. आठवीतच शाळा सोडलेला एक मुलगा तिथल्या खिडकीतून जे पाहतो ते चाळीस मिनिटांत सांगतो, तुरुंगातल्या मित्राला पत्रे लिहितो, आणि एका गाण्याच्या शेवटी त्याचे वडील, जॅझ वादक ओलू दारा, कॉर्नेट वाजवतात. त्या अल्बमची १९९४ पूर्वीच्या रॅपशी तुलना केली की शब्दरचनेत किती फरक पडला ते कानालाच कळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत त्याला स्थान मिळाले, ते योग्यच झाले.

पण पहिला अल्बम असा निघाला की कलावंताचे पुढचे प्रत्येक काम त्याच्याच फूटपट्टीने मोजले जाते. २००१ साली जे-झी या न्यूयॉर्कच्याच रॅपरने आपल्या गाण्यात हाच हिशेब मांडला होता, की दहा वर्षांत सरासरी एक चांगला अल्बम. तो वार एका भांडणात, भांडणापुरता केलेला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'स्टिलमॅटिक'मधून नाझने त्याला उत्तरही दिले, आणि त्याच अल्बममध्ये एक संपूर्ण कथा शेवटाकडून सुरुवातीकडे सांगणारे गाणेही केले. तरीही वीस वर्षे लोक जे-झीचे ते वाक्य समीक्षेचा निष्कर्ष असल्यासारखे उगाळत आहेत.

माझा खरा मुद्दा २०२० नंतरचा आहे. ऑगस्ट २०२० ते सप्टेंबर २०२३ या काळात हिट-बॉय या एकाच संगीतकाराबरोबर नाझने सहा अल्बम केले: 'किंग्ज डिसीज'चे तीन आणि 'मॅजिक'चे तीन. त्यांतला शेवटचा १४ सप्टेंबर २०२३ रोजी, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी आला. अनेक नामांकने रिकामी गेल्यानंतर त्याला पहिला ग्रॅमी मिळाला तो २०२१ साली, 'किंग्ज डिसीज'साठी. पुरस्काराला मी फार किंमत देत नाही. मला किंमत वाटते ती याची, की रॅप हा प्रकार ज्या वर्षी जन्मला असे मानतात त्याच १९७३ मध्ये जन्मलेला माणूस पन्नाशीत, आवाज न चढवता, घटस्फोट, वाढलेली मुले, गेलेले मित्र आणि हातात आलेला पैसा यांविषयी बोलतो, आणि ते बोलणे तालात नेमके बसते. रॅपला प्रौढ वय असू शकते हे सिद्ध करणारे काम माझ्या मते 'इल्मॅटिक'इतकेच महत्त्वाचे आहे, कारण विसाव्या वर्षी उत्तम लिहिणारे अनेक झाले, पण पन्नासाव्या वर्षी इतक्या सातत्याने लिहिणारे फारच थोडे आहेत.

जुनी मिल :

आपण मांडणी मनापासून केली आहे, म्हणून मीही मनापासूनच विरोध करतो.

सातत्य हा गुण आहे, पण तो कलेचा गुण आहे की कारागिरीचा, हे आधी ठरवायला हवे. 'इल्मॅटिक' ऐकताना बोलणाऱ्याचे काहीतरी पणाला लागले आहे हे जाणवते. त्याचा जिवलग मित्र विल्यम ग्रॅहम १९९२ मध्ये गोळीबारात मारला गेला होता, आणि आपलेही उद्या तेच होईल या जाणिवेने तो मुलगा लिहीत होता. 'किंग्ज डिसीज'च्या नाझचे काय पणाला लागले आहे? त्याच्या गुंतवणूक संस्थेने ज्या कंपन्यांत सुरुवातीला पैसे घातले त्यांतल्या काही पुढे अवाढव्य झाल्या, आणि त्याचा उल्लेख तो गाण्यांतही करतो. कष्टाने मिळवलेल्या पैशाचा त्याला अभिमान वाटला तर माझी तक्रार नाही. पण मिलच्या चाळीत वाढलेल्या माणसाने पुढे बंगल्याच्या गच्चीवरून चाळीच्या आठवणी सांगाव्यात आणि आपण त्यांना चाळीचा आवाज म्हणावे, हे मला पटत नाही.

दुसरे असे, की आपण मधली वर्षे फारच चटकन ओलांडली. १९९९ साली 'आय ॲम'ची गाणी प्रकाशनाआधीच इंटरनेटवर फुटली, अल्बमची मूळ योजना विस्कटली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस घाईने 'नॅस्ट्राडेमस' आला. त्याचे समर्थन त्याचे निष्ठावंत चाहतेही करत नाहीत. २०१८ चा 'नासिर' सात गाण्यांचा होता. कान्ये वेस्टचे संगीत होते, सगळे साधन हाताशी होते, आणि तरीही एका गाण्यात लसीकरणाविषयी नको ते संशय पेरणाऱ्या ओळी आहेत, ज्यांना कोणीही हटकलेले दिसत नाही. २००६ साली त्याने 'हिप हॉप इज डेड' या नावाचा अल्बम काढला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता आणि दक्षिणेकडच्या तरुण रॅपरना तो आपल्यावरचा शेरा वाटला. त्यांनी तसे जाहीरपणे बोलूनही दाखवले. अटलांटा आणि ह्यूस्टनमधून त्या वेळी जे नवे येत होते ते ऐकण्याची तयारी नसलेला माणूस मरणाची घोषणा करत होता, असे माझे मत आहे.

थांबणे हीसुद्धा एक कलात्मक कृती असू शकते. आउटकास्ट या रॅप जोडीतला आन्द्रे ३००० हा नाझपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान. त्याने २०२३ मध्ये बासरीवाद्यांचा, एकही रॅप नसलेला अल्बम काढला, आणि या वयात रॅपमधून सांगण्यासारखे आपल्याकडे काही उरले आहे असे वाटत नाही, अशा अर्थाचे बोलणे मुलाखतीत केले. त्या प्रामाणिकपणापुढे मला सहा अल्बमांची रांग फिकी वाटते.

शाहिरी कान :

दोघांच्याही लिहिण्यात एक गृहीतक सारखे आहे, ते म्हणजे वय वाढले की मैफिलीत बोलणाऱ्याचा अधिकार तपासून घ्यावा लागतो. आपल्या गावाला तरी हे गृहीतक परके असायला हवे. रामजोशी सोलापूरचे. संस्कृतचे संस्कार, तमाशाचा फड, शृंगारिक लावणी, उपदेशपर लावणी आणि कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या, हे सारे एकाच आयुष्यात मावले. त्यांची उपदेशाची रचना शृंगाराच्या रचनेपेक्षा कमी अस्सल आहे असे आजवर कोणी म्हटल्याचे मला ठाऊक नाही; उलट, ज्याने फड गाजवला त्याच्याच तोंडी तो उपदेश वजनदार वाटतो. बार्शीचे अमर शेख गिरणीत काम करणारे होते, पण संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत त्यांचा आवाज हजारो लोकांपर्यंत पोचला तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही, की आपण अजून गिरणीत आहात काय.

कलगी-तुऱ्याच्या सामन्यात तर मागच्या वर्षी कोण जिंकले होते याला अर्थच नसतो. आज रात्री विचारलेल्या सवालाला आज रात्री जबाब द्यावा लागतो. नाझ आणि जे-झी यांच्या २००१ च्या झगड्यात मला तीच जात दिसते, फक्त त्यात शास्त्रपुराणांऐवजी एकमेकांचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणले गेले आणि त्यामुळे त्याची पातळी खाली गेली. २००५ मध्ये दोघे एका रंगमंचावर आले, पुढच्याच वर्षी जे-झी ज्या डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख होता तिथून नाझचा अल्बम निघाला. फडातले वैर फडातच ठेवण्याची ही रीत आपल्या शाहिरांना नवी वाटली नसती.

'जुनी मिल' यांनी चाळ आणि बंगल्याचा मुद्दा काढला. त्यावर माझे म्हणणे एवढेच, की २०१२ च्या 'लाइफ इज गुड'मध्ये नाझ आपल्या वयात आलेल्या मुलीविषयी गातो, तेव्हा तो बाप म्हणून जितका उघडा पडतो तितका 'इल्मॅटिक'मध्ये कुठेही पडलेला नाही. गरिबी ही पणाला लागण्याची एकमेव अवस्था नव्हे.

पूर्वभागकर :

मी स्वतः मराठी आणि तेलुगू मिसळून रॅप लिहितो, घरात यंत्रमागाचा आवाज ऐकत वाढलो, म्हणून लिहिणाऱ्याच्या बाजूने थोडे सांगतो.

आमच्यासारख्यांना 'इल्मॅटिक'मधून शिकणे कठीण जाते. ते इतके दाटीवाटीचे आहे की नक्कल करायला गेले की नक्कलच उरते. 'किंग्ज डिसीज थ्री'मध्ये एकही पाहुणा रॅपर नाही. सबंध अल्बमभर एकच आवाज आहे आणि तो कंटाळवाणा होत नाही. श्वास कुठे घ्यायचा, ओळीच्या आतले यमक कुठे लपवायचे आणि ताल बदलला की वाक्य लांबवायचे की तोडायचे, हे त्यात स्पष्ट ऐकू येते. तरुणपणी तो तालाच्या अंगावर धावून जातो, आता तो तालाला थोडे पुढे जाऊ देतो आणि मग गाठतो. हा फरक केवळ वयाने येत नाही, तो रोज लिहिल्याने येतो.

संगीताचा मुद्दा मात्र कोणीच काढला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. 'इल्मॅटिक'ला डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल. ई. एस. असे पाच जण होते, आणि पाचही जणांनी आपले उत्तम काम दिले. त्यानंतर अनेक वर्षे नाझवर एकच आरोप होत राहिला, की शब्द चांगले पण निवडलेले संगीत सामान्य. तो आरोप मला बऱ्याच अंशी खरा वाटतो. 'इट वॉज रिटन' या त्याच्या दुसऱ्या अल्बममध्ये बंदुकीच्या तोंडून सांगितलेली गोष्ट आहे. असे लिहिणाऱ्याला त्याच अल्बममध्ये रेडिओसाठी बेतलेली, गुळगुळीत गाणीही का लागावीत? हिट-बॉयबरोबर त्याचा हा प्रश्न सुटला. त्यामुळे २०२० नंतर त्याची लेखणी परत आली असे म्हणण्यापेक्षा, ती कायमच होती आणि तिला योग्य जोडीदार उशिरा मिळाला, असे मी म्हणेन.

पार्क चौक :

'पूर्वभागकर' यांचे आभार, कारण माझ्या मांडणीत संगीताची बाजू आलीच नव्हती आणि त्यांच्या स्पष्टीकरणाने माझा मुद्दा अधिक पक्का झाला आहे.

'जुनी मिल' यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. 'नॅस्ट्राडेमस' आणि 'नासिर' हे कच्चे अल्बम आहेत, लसीकरणाविषयीच्या ओळी बेजबाबदार आहेत, त्यावर माझा वाद नाही. पण तीस वर्षे सतत काम करणाऱ्याच्या नावावर पडझड असणारच. जो एकच अल्बम करून थांबला त्याची पडझड दिसत नाही, एवढाच त्याचा फायदा. आन्द्रे ३००० च्या निर्णयाचा मला आदर आहे. तो त्याच्यापुरता खरा आहे. पण एका कलावंताकडचे संपले म्हणून त्या पिढीकडचे संपले, असा नियम त्यातून काढता येत नाही, आणि नाझने तर तो नियम कृतीनेच खोडला आहे.

पैशाविषयी थोडे. त्याच पैशातून आणि नावातून त्याची मास अपील ही संस्था २०१९ मध्ये भारतात आली आणि अंधेरीच्या वस्तीत वाढलेल्या डिव्हाइन या रॅपरशी तिने पहिला करार केला. मुंबईच्या वस्तीतल्या रॅपवर त्याच वर्षी आलेल्या 'गली बॉय' चित्रपटाच्या निर्मितीशीही नाझचे नाव जोडलेले होते. त्यात व्यवसाय आहे हे उघड आहे. तरीही आज सोलापूर, नांदेड, अमरावतीची मुले आपल्या बोलीत रॅप करताना लाजत नाहीत, त्याला त्या वाटेचा काही हातभार लागला आहे, आणि तो बंगल्यात बसून राहणाऱ्या माणसाकडून लागला नसता.

जुनी मिल :

व्यवसायाचा मुद्दा आपण माझ्या बाजूने मांडलात की आपल्या, याविषयी माझ्या मनात शंका आहे. मुंबईची मुले २०१५ च्या आसपासच आपल्या गल्लीविषयी, आपल्या भाषेत, कोणत्याही परदेशी संस्थेच्या पाठबळाशिवाय गात होती. डिव्हाइन आणि नेझी यांचे काम सर्वांच्या कानांवर गेले ते तेव्हाच. मोठी कंपनी नंतर आली. सोलापूरच्या मुलांनी श्रेय द्यायचेच तर आधी त्यांना द्यावे.

'शाहिरी कान' यांचा दाखला मात्र मला विचार करायला लावणारा आहे. 'लाइफ इज गुड' मीही मनापासून मानतो, आणि मुलीविषयीच्या त्या गाण्यात काहीतरी पणाला लागले आहे हे मला मान्य आहे. म्हणूनच माझी रेषा मी नेमकी कुठे ओढतो ते स्पष्ट करतो: ती १९९४ नंतर नाही, २०१२ नंतर आहे. त्या अल्बममध्ये मोडलेला संसार समोर होता, मुलगी समोर होती आणि उत्तरे हाताशी नव्हती. २०२० नंतरच्या सहा अल्बमांत मला उत्तरे सापडलेला माणूस ऐकू येतो. त्याची शब्दयोजना निर्दोष आहे, 'पूर्वभागकर' म्हणतात तसा श्वासावरचा ताबाही वाखाणण्यासारखा आहे. पण प्रत्येक अल्बममधून दोन-तीन गाणी बाजूला काढून एकच अल्बम केला असता, तर मी आज या वादात आपल्या बाजूला असतो.

पूर्वभागकर :

तो एक अल्बम आपणच निवडून इथे लिहा. सहा अल्बमांतली बारा गाणी, आपल्या क्रमाने. मी माझी बारा लिहितो. किती सामाईक निघतात ते पाहू आणि मग पुढे बोलू.