डाउनलोड केलेल्या सेटअपवर सही कोणाची आहे ते वाचता का?

नौपाडाकर:
गेल्या महिन्यात १८ तारखेला संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. त्यांचं गोखले रोडला छोटं टॅक्सचं ऑफिस आहे, दोन टेबलं आणि एक असिस्टंट, त्यात २० तारखेची जीएसटीआर-३बीची (जीएसटीच्या रिटर्नची) गडबड. पीडीएफ जोडायला काहीतरी हवं म्हणून असिस्टंट मुलाने सर्च केलं आणि जे पहिलं दिसलं ते उतरवून टाकलं, मग काय, ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पान, कोपऱ्यात सारखं "पीसी स्लो झालाय" आणि कोणी न मागितलेली दोन सॉफ्टवेअर.

मी जाऊन डाउनलोड्समधली ती फाइल शोधली. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, म्हणजे फाइल कोणी बनवली ते सांगणारी कॉम्प्युटरची सही. सही होती! डिटेल्समध्ये "धिस डिजिटल सिग्नेचर इज ओके" पण होतं. फक्त सही करणाऱ्याचं नाव त्या पीडीएफवाल्या कंपनीचं नव्हतं, दुसरंच कुठलंतरी, आयुष्यात न ऐकलेलं. इन्स्टॉल करताना परवानगीचा बॉक्स येतो ना, त्यात "व्हेरिफाइड पब्लिशर" समोर हेच नाव आलं होतं आणि मुलाने येस दाबलं. विचारलं तर म्हणाला, दादा निळा बॉक्स होता, पिवळा (सहीशिवायच्या फाइलला येतो तो) असता तर थांबलो असतो.

सासऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये क्लायंट्सचे डीएससीचे (रिटर्नवर करायच्या डिजिटल सहीचे) डोंगल आहेत, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी रबरबँडने बांधलेली. एकाचा डोंगल दुसऱ्याच्या रिटर्नला लागला तर काय होईल हे त्या मुलाला पाठ आहे. मग फाइलवरच्या सहीचं नाव वाचायला काय हरकत आहे? माझं म्हणणं एवढंच, कुठलीही एक्सई (विंडोजची प्रोग्राम फाइल) चालवण्याआधी ते नाव वाचायची सवय प्रत्येक ऑफिसात लावली पाहिजे. व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर) असेल तर व्हिडिओलॅन, क्रोम असेल तर गूगल एलएलसी. नाव जुळत नसेल तर थांबा.

वाशी_सेक्टर_१७:
साहेब, पंधरा वर्षं वाशीत कॉम्प्युटर रिपेअरिंग करतोय, तुमचा हेतू चांगला आहे पण मला हे अजिबात पटत नाही. नको ते सॉफ्टवेअर वाटणारे लोक रीतसर कंपनी काढून बसलेले असतात, सही करायचं सर्टिफिकेट विकत घेतात, सही करतात. तुमच्याच गोष्टीत सही ओके निघाली की नाही? आणि नाव जुळलं तरी काय? २०१७ मध्ये पीसी साफ करायच्या सीक्लीनरचं ५.३३ व्हर्जन आलं होतं, त्यांच्याच सर्व्हरवरून, त्यांच्याच खऱ्या सहीने, आणि आत मालवेअर, सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर गेलं ते. त्याआधी २०१० मधलं स्टक्सनेट नावाचं मालवेअर घ्या, रिअलटेक आणि जेमायक्रॉन या चिप कंपन्यांच्या चोरलेल्या सर्टिफिकेटने सह्या केल्या होत्या. लोकांना एकदा सांगितलं की सही बघा, की ते सही दिसल्यावर डोळे मिटून पुढे जातात. मी गिऱ्हाइकाला एकच सांगतो, सर्चमध्ये वर जाहिरात येते तिच्यावर क्लिक करायचं नाही, मूळ साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा.

नौपाडाकर:
दादा, सीक्लीनरसारखं झालं तर सही बघून कळणार नाही हे मान्य, तिथे सुरुवातीला कोणालाच कळलं नव्हतं. पण तुमच्याकडे रिपेअरला येणाऱ्या मशीनपैकी किती स्टक्सनेटवाल्या असतात? सगळा कचरा टूलबारचा, सर्च पान बदलणाऱ्यांचा, एका सेटअपच्या पोटात चार ऑफर घालणाऱ्यांचा. आणि या लोकांना सही आपल्या नावाने करावी लागते, व्हिडिओलॅनची सही करायची गुप्त किल्ली त्यांच्याकडे नाही. मूळ सेटअपवर स्वतःचा डाउनलोडर चढवला की नाव बदलतंच, आणि मूळ फाइल एका बाइटने जरी बदलली तरी सही साधारण तुटते. पकडायची जागा तीच आहे.

आणि मूळ साइटचं म्हणाल तर २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या डाउनलोडच्या साइटवर गिम्पचं (फोटो एडिटिंगचं फुकट सॉफ्टवेअर) काय झालं आठवा. ओपन सोर्सवाले वर्षानुवर्षं तिथूनच उतरवायचे, गिम्पची टीम २०१३ मध्ये तिथून निघून गेली होती, तरी ते पान साइटने स्वतःच्या ताब्यात घेऊन जाहिरातीच्या ऑफर भरलेला इन्स्टॉलर ठेवला. पत्ता ओळखीचाच होता ना?

वागळे_इस्टेट_डेव्हलपर:
दोघांनाही एक बाजू दिसत नाहीये. आम्ही तिघं जण गोडाऊनसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो, गिऱ्हाइक भिवंडीची. सुरुवातीला सर्टिफिकेट नव्हतं, प्रत्येक गोडाऊनमधून फोन यायचा, "साहेब व्हायरस पाठवला का?" शेवटी वर्षाला पाच आकडी रक्कम मोजून घेतलं. जून २०२३ पासून तर सहीची किल्ली हार्डवेअर टोकनमध्येच (डीएससीच्या डोंगलसारखं) ठेवायचा नियम झालाय, म्हणजे कुरिअरने टोकन येणार, ज्याच्याकडे टोकन त्यालाच नव्या व्हर्जनवर सही करता येणार, आणि तो गावी गेला तर सगळं अडून बसणार. एवढं करूनही विंडोजचं स्मार्टस्क्रीन (अनोळखी फाइल अडवणारं) नव्या फाइलला "विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी" दाखवतंच, कारण फाइल आणि सही दोन्ही त्याच्या ओळखीची व्हायला वेळ जातो.

आणि झिप फाइल्स उघडायचं फुकट ७-झिप घ्या, जगभर वापरतात, त्याच्या इन्स्टॉलरवर वर्षानुवर्षं सहीच नव्हती, म्हणजे ते वाईट का? तुमच्या नियमाने फुकट आणि चांगलं काम करणारा माणूस बाद होतो आणि पैसेवाला भामटा पास होतो, आणि हे मला खरंच लागतं, कारण पहिली दोन वर्षं तो बाद होणारा माणूस मीच होतो.

नौपाडाकर:
ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती, मान्य करतो. सही नसलेली फाइल लगेच वाईट असं म्हणायचं नाही, तिथे बनवणाऱ्याने साइटवर एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा लांब आकडा) दिला असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल -हॅशफाइलने, शेवटी एसएचए२५६ लिहून, काढून जुळवावा. पण सही आहे आणि नाव भलतंच आहे, या फाइलला मी माफी देणार नाही.

वाशी_सेक्टर_१७:
हॅश त्याच साइटवर, फाइल त्याच साइटवर. साइट फुटली तर चोर दोन्ही बदलेल. हे म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला.

ऐरोली_नाइट_शिफ्ट:
मी ऑफिसच्या मशीन सांभाळतो, माझं मत नौपाडाकरांच्या बाजूने पण एक दुरुस्ती. "एका बाइटने सही तुटते" हे पूर्ण खरं नाही. विंडोजच्या फाइलमध्ये सही ठेवायचा जो भाग असतो त्यात मागून डेटा चिकटवला तरी सही ओकेच दिसते, हे २०१३ पासून माहीत आहे, मायक्रोसॉफ्टने कडक तपासणी दिली पण ती आपणहून चालू करावी लागते, कारण काही खऱ्या कंपन्यांचेच इन्स्टॉलर तिथे डेटा ठेवतात. आमच्याकडे चालू केलीय. बाकी एकेक फाइल बघत बसायला नको असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं सिगचेक हे टूल घ्या, अख्ख्या फोल्डरची नावं एकदम निघतात.

नेरूळची_मावशी:
मला यातलं अर्धंच कळतं पण मनापासून विचारते. ई-आधारच्या पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह आणि "व्हॅलिडिटी अननोन" येतं ते खरं असून, आणि तुम्ही म्हणता निळा बॉक्स येऊनही खोटं, मग आम्ही रंगावर विश्वास ठेवायचा की नाही? आणि मोबाइलवर आमच्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये आरटीओ चलानची एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) आली होती, तिच्यावर कोणाची सही बघायची?

नौपाडाकर:
मावशी, रंगावर नको. आधारचं प्रश्नचिन्ह येतं कारण आपल्या रीडरला तो सही करणारा अजून ओळखीचा नसतो, एकदा सर्टिफिकेट ट्रस्ट केलं की हिरवी टिक येते. आणि एपीकेवर सही असतेच, सहीशिवाय अँड्रॉइड ती टाकूच देत नाही, पण ती बनवणारा स्वतःच स्वतःला देतो, मधे ओळख तपासणारं कोणी नाही. तिथे माझा उपाय चालत नाही. ग्रुपवरची एपीके सरळ उडवा, चलान परिवहनच्या साइटवर बघा.

नेरूळची_मावशी:
बरं. आत्ता लॅपटॉप उघडला. डाउनलोड्समध्ये व्हीएलसीच्या दोन फाइल्स आहेत, एकीवर व्हिडिओलॅन लिहिलंय, दुसरीवर वेगळंच लांबलचक नाव. दुसरी जुनी आहे, भाच्याने दिवाळीत टाकून दिली होती.

वाशी_सेक्टर_१७:
ताई, दुसरी चालवू नका. कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्राम्स अँड फीचर्स उघडा, "इन्स्टॉल्ड ऑन" वर क्लिक करा आणि त्या तारखेला काय काय आलंय ते बघा.

नेरूळची_मावशी:
बघितलं. त्या दिवशी व्हीएलसी सोडून आणखी तीन गोष्टी आल्यात.